एलसीआयडी बदलला आणि ‘ट्रू’ हरवलं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

क्लासिक एएसपी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या वेब तंत्रातलं सेशन.एलसीआयडी हे सेटिंग, म्हणजे कुठल्या भाषेच्या आणि देशाच्या पद्धतीने दाखवायचं ते ठरवणारा क्रमांक, मी नऊ महिने रोज वापरतेय. तारखा आणि आकडे दाखवायला ते उत्तम आहे, त्यासाठी माझे पैकीच्या पैकी गुण. पण बूलियनची (खरं किंवा खोटं एवढंच सांगणाऱ्या व्हॅल्यूची) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, होताना ते जे करतं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते. म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं ॲप्लिकेशन जुनं, व्हीबीस्क्रिप्ट या भाषेत लिहिलेलं. जर्मन वापरकर्त्यांसाठी एलसीआयडी 1033 (अमेरिकन इंग्रजी) वरून 1031 (जर्मन) केला. 3/4 म्हणजे मार्च की एप्रिल, हा गोंधळ त्याच दिवशी मिटला. फॉर्मॅटनंबरमधून येणारे आकडे 1.234,50 असे दिसू लागले. एका ओळीत एवढं काम होत असेल तर आणखी काय हवं!

तिसऱ्या आठवड्यात तक्रार आली. ‘ईमेल सूचना हव्यात’ वर टिक करून पुढे गेलं की टिक गायब. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि माझ्या मशीनवर सगळं सुरळीत. डेटाबेस पाहिला, कुकी पाहिल्या. शेवटी जर्मन सेटिंग लावून पानाचा सोर्स उघडला, तेव्हा हिडन फील्डमध्ये (पानावर न दिसणाऱ्या रकान्यात) ‘ट्रू’, म्हणजे इंग्रजीतलं ‘खरं’, नव्हतंच. तिथे ‘वार’ होतं, म्हणजे जर्मन भाषेतलं ‘खरं’. पुढचं पान मात्र आलेली स्ट्रिंग ‘ट्रू’शी ताडून बघत होतं. जुळत नाही म्हटल्यावर उत्तर ‘नाही’ धरलं जात होतं, तेही गुपचूप. फ्रेंच लावून पाहिलं तर ‘व्रे’, इटालियनमध्ये ‘वेरो’.

हे का होतं? व्हीबीस्क्रिप्टमधला बूलियन आतून 16 बिटांचा आकडा असतो: खरं म्हणजे -1, खोटं म्हणजे 0. त्याचा शब्द करून देणं हे विंडोजमधल्या ओएलई ऑटोमेशन या भागाचं काम. तिथल्या फंक्शनला लोकेल (भाषा-देशाचं सेटिंग) आणि एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, दिला जातो. स्थानिक बूलियनचा फ्लॅग असेल तर शब्द त्या भाषेतला येतो, नसेल तर इंग्रजी. सीस्ट्र, म्हणजे स्ट्रिंग करून देणारं फंक्शन, मुद्दाम लिहायचीही गरज नाही. पानावर लिहिणाऱ्या रिस्पॉन्स.राइटला बूलियन दिला किंवा अँपरसँडने (&) मजकुराला जोडला, तरी हेच होतं. आमच्या कोडमध्ये सीस्ट्र मोजून चार ठिकाणी होतं, अँपरसँड मात्र पानोपानी.

उलट दिशेला वागणूक वेगळी. जर्मन लोकेलमध्येही सीबूलला, म्हणजे स्ट्रिंगचा बूलियन करणाऱ्या फंक्शनला, इंग्रजी ‘ट्रू’ दिलं तर चालतं. पण इंग्रजी लोकेलमध्ये ‘वार’ दिलं की टाइप मिसमॅच, एरर 13. मला हा एरर आवडला, कारण निदान कळतं तरी. स्ट्रिंगची स्ट्रिंगशी तुलना काहीच सांगत नाही.

सगळ्यात जास्त त्रास एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, झाला. एका जुन्या पानावर वेअरच्या अटीला बूलियन थेट जोडला होता. मागे ॲक्सेसचा डेटाबेस. त्याला ‘ट्रू’ कळतं, म्हणून ते पान वर्षानुवर्षं चाललं. ‘वार’ मात्र त्याला पॅरामीटरचं नाव वाटलं आणि त्याने त्याची व्हॅल्यू मागितली. बूलियन सीइंट या आकडा करणाऱ्या फंक्शनमधून काढून आकडा पाठवू म्हटलं, तर येतो -1. ॲक्सेसला तो चालतो, पण एसक्यूएल सर्व्हरच्या बिट कॉलमशी ताडला की एकही ओळ मिळत नाही, कारण तिथे खरं म्हणजे 1.

आता मी एक छोटं फंक्शन ठेवलंय. आत इफ, खरं असेल तर "1", नाहीतर "0". हिडन फील्ड, कुकी, क्वेरीस्ट्रिंग, सगळीकडे तेच, आणि वाचतानाही "1" शीच तुलना. एक्सएमएल पाठवायच्या जागी वेगळं फंक्शन आहे, तिथे सगळी अक्षरं लहान असलेलं ‘ट्रू’ लिहिते, कारण मोठ्या टी-चं एक्सएमएलच्या स्कीमात, म्हणजे नियमांत, बसत नाही. माणसाला दाखवायचं ‘हो’ किंवा ‘नाही’ भाषांतराच्या फाइलमधून येतं. पानाच्या सुरुवातीला एलसीआयडी 1033 करून टाका, असा सल्ला मलाही मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण मग तारखा परत बिघडल्या असत्या.

एक भाग मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेटवर हलवलाय. तिथे बूलियनचं टूस्ट्रिंग कुठल्याही कल्चरमध्ये (लोकेलला तिथलं नाव) इंग्रजीच शब्द देतं. पीएचपीमध्येही लोकेलचा प्रश्न नाही, पण खरं म्हणजे "1" आणि खोटं म्हणजे रिकामी स्ट्रिंग. त्यामुळे ‘खोटं’ आणि ‘फील्ड आलंच नाही’ यांत गल्लत होऊ शकते.

तुमच्याकडे असा कोड असेल, तर टेस्ट मशीनचं लोकेल एकदा 1031 करा आणि प्रत्येक फॉर्म सबमिट करून पाहा. आमच्याकडे त्यात अशा आणखी अकरा जागा सापडल्या. त्यातली शेवटची मी गेल्या आठवड्यात दुरुस्त केली.