जपानी भुंगेऱ्याला न आवडणारी झाडं: एका मोसमाचा अनुभव

न्यू जर्सीत दारात गुलाब लावायचे आणि जुलैभर जपानी भुंगेऱ्यामुळे त्यांच्या पानांची चाळण होताना बघायची, याचा कंटाळा येऊन एप्रिलमध्ये सगळे गुलाब काढले. जागी लायलॅक, हायड्रेंजिया आणि बॉक्सवुड ही झुडपं लावली. आता ऑक्टोबर आहे, म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

भुंगेऱ्यापुरतं बोलायचं तर पैसे वसूल. शेजाऱ्यांच्या लिंडनच्या झाडाचा शेंडा जुलैच्या मध्याला करपल्यासारखा तपकिरी झाला होता. पान हातात घेतलं तर नुसत्या शिरा, मधला गर गायब. कुंपणाच्या अलीकडे माझ्या लायलॅकवर अधूनमधून एखादा भुंगेरा टेकायचा, हिरवी पाठ आणि तांबूस पंख उन्हात चमकवायचा आणि न खाता उडून जायचा. या किड्याला तीनशेच्या आसपास जातींची झाडं चालतात, त्यामुळे त्याने नाक मुरडलेलं झाड सापडणं ही मोठीच गोष्ट. शिवाय हा त्याचा जुना इलाखा. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला १९१६ साली, इथल्याच रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत.

आता तक्रारी. हायड्रेंजियाला भुंगेऱ्याने हात लावला नाही, पण हरणांनी कळ्यांसकट फस्त केला. नर्सरीतल्या पाटीवर हरणांचा उल्लेखही नव्हता! लायलॅकवर ऑगस्टमध्ये भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी आली. झाड मरत नाही, पण दिसतं कळकट. बॉक्सवुडला कोणीच तोंड लावत नाही, फक्त ऊन तापलं की त्याला मांजराच्या मुतासारखा वास येतो. खिडकीखाली लावू नका.

गणपतीसाठी जास्वंदीची कुंडी मात्र ठेवलीच, आणि जास्वंद म्हणजे या किड्याला मेजवानी. जुलैत तिच्यावर बारीक जाळी टाकली, शिवाय सकाळी गारव्यात साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरून फांदी हलवायची. सुस्तावलेले भुंगेरे टपाटप आत पडतात. गणपती येईपर्यंत त्यांचा जोर ओसरलेला असतो. वासाचे पिवळे सापळे आणू नका, पकडतात त्याहून जास्त पाहुणे बोलावतात.

झाडं बदलल्याने लॉन वाचत नाही, हेही आधीच सांगतो. अंडी हिरवळीतच घातली जातात आणि आपल्या हुमणीसारख्याच पांढऱ्या अळ्या गवताची मुळं खातात. त्या अंड्यांना ओल लागते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी लॉनचं पाणी तोडलं. गवत पिवळं पडलं होतं, सप्टेंबरच्या पावसात परत हिरवं झालं.

पाचपैकी चार तारे. एक हरणांनी खाल्ला.