विजयाच्या पानाच्या बनावट प्लेट : नाशिकच्या क्रीडा-संग्राहकांना कळकळीची सूचना

नाशिकमध्ये नाणी, पोस्टाची तिकिटे आणि जुन्या नोटा जमवणाऱ्यांची संख्या पूर्वीपासून मोठी आहे. त्याच मंडळींमध्ये अलीकडे क्रीडाविषयक वस्तूंची आवड वाढली असून, मोठ्या विजयाच्या दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र ज्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवरून छापले गेले, ती वापरलेली प्लेट फ्रेम करून भिंतीवर लावण्याची हौस अनेकांना आहे. मी स्वतः अशा प्लेट जमवतो आणि माझ्याकडे जास्तीच्या झालेल्या प्लेट इतर संग्राहकांना विकतो. या व्यवहारात एका माणसाने माझी आणि माझ्यामार्फत एका क्रीडाशिक्षकांची फसवणूक केली. हाच माणूस आता कॉलेज रोड आणि इंदिरानगर भागातील क्रिकेट अकादमींमध्ये तसाच माल दाखवत असल्याचे माझ्या कानावर आले आहे, म्हणून घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

खरी प्लेट कशी असते, हे आधी सांगणे आवश्यक आहे. आजची वृत्तपत्रे ऑफसेट पद्धतीने छापली जातात. साधारण ०.३ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर प्रकाशाला संवेदनशील असा लेप असतो. संगणकावर लावलेले पान सीटीपी (कॉम्प्युटर-टू-प्लेट) यंत्रातील लेसरने थेट त्या पत्र्यावर उमटवतात, पत्रा धुऊन घेतात, त्याच्या दोन्ही कडा यंत्रावर दुमडतात आणि तो छपाई यंत्राच्या सिलिंडरवर चढवतात. प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर जाते, त्यामुळे ऑफसेटच्या प्लेटवर अक्षरे सुलट दिसतात. रंगीत पानासाठी निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांच्या चार वेगळ्या प्लेट लागतात. एका प्लेटवर संपूर्ण रंगीत छायाचित्र कधीच नसते; त्या शाईच्या वाट्याला आलेला भाग तेवढा असतो.

छपाई संपली की या प्लेट मोडीत जातात. एका पानाची प्लेट जेमतेम दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम भरते, त्यामुळे धातू म्हणून तिची किंमत अगदीच किरकोळ असते आणि संग्राहक तिच्यासाठी जे पैसे मोजतो ते फक्त त्या तारखेचे आणि त्या पानाचे असतात. अमेरिकेतील काही वृत्तपत्रांनी आपल्या शहराच्या संघाने विजेतेपद मिळवल्यावर अशा प्लेट स्वतःच वाचकांना विकलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र त्या भंगाराच्या ठेकेदारामार्फतच बाहेर येतात आणि वाटेत त्यांची नोंद कुठेही होत नाही. फसवणूक करणाऱ्याने नेमका याचाच फायदा घेतला.

हा माणूस मला प्रथम भेटला तेव्हा त्याने आपण छापखान्यांची मोड उचलणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला असल्याचे सांगितले. त्याने आणलेल्या पहिल्या प्लेट ३० जून २०२४ च्या अंकाच्या होत्या. आदल्या रात्री बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनमध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला होता. त्या प्लेट मी बारकाईने तपासल्या आणि त्या शंभर टक्के खऱ्या होत्या. कडांचे दुमड यंत्रावर केलेले व सरळ होते, मागच्या बाजूला सिलिंडरच्या तेलाचे काळपट डाग आणि बारीक ओरखडे होते, आणि वरच्या कडेला पानाचा क्रमांक, आवृत्ती, रंग व तारीख दाखवणारी बारीक ओळ होती. भाव त्याने अगदी वाजवी लावला. सुरुवातीला खरा माल स्वस्तात देणे हा त्याच्या योजनेचाच भाग होता, हे आता स्पष्ट दिसते.

काही आठवड्यांनी तो दोन गोष्टी घेऊन आला. पहिली होती ३ एप्रिल २०११ च्या पहिल्या पानाच्या चारही प्लेटचा संच. २ एप्रिलला वानखेडेवर श्रीलंकेला हरवून भारताने एकदिवसीय विश्वचषक जिंकला, गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावा अजून लोकांच्या तोंडी आहेत, आणि त्या पानाची प्लेट मिळावी अशी इच्छा नसलेला क्रिकेटप्रेमी संग्राहक नाशिकमध्ये शोधूनही सापडणार नाही. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची होती. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, त्या बातमीच्या पानाची काळी प्लेट त्याने पुढे केली. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची मुलगी देशासाठी पदक घेऊन आली, याचा अभिमान या जिल्ह्यातील प्रत्येक क्रीडाप्रेमीला आहे, आणि हा अभिमान त्या माणसाने पुरता ओळखला होता.

संचाचे ४२ हजार आणि दुसऱ्या प्लेटचे ८ हजार रुपये ठरले. २०११ च्या संचातील काळी प्लेट आणि कविता राऊत यांच्या पानाची प्लेट त्याने आधीच काचेच्या फ्रेममध्ये बसवून आणल्या होत्या आणि त्यांच्या चारही कडा माउंटच्या जाड पुठ्ठ्याखाली झाकलेल्या होत्या. उरलेल्या तीन प्लेट गुंडाळून एका नळीत घालून तिची तोंडे चिकटपट्टीने बंद केली होती. "सर, ही नळी उघडू नका, हवा लागली की लेप उडतो आणि किंमत जाते," असे त्याने बजावले. वस्तुतः छापून झालेल्या प्लेटला हवेने काहीही होत नाही. फार ओलावा लागला तर ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पडतात, एवढेच. सोबत एका दैनिकाच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सही असलेले प्रमाणपत्र होते, ज्यात हा संच "एकमेव" असल्याचे लिहिले होते. पुण्याचे एक गिऱ्हाईक संध्याकाळीच येणार असल्याचेही त्याने सांगितले. २० हजार रुपये त्याने यूपीआयने घेतले, तेही बहिणीचे म्हणून सांगितलेल्या खात्यावर, आणि उरलेले रोख.

कविता राऊत यांच्या पानाची प्लेट माझ्याकडून पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेच्या क्रीडाशिक्षकांनी घेतली. शाळेतील धावपटू मुलींना ती रोज दिसावी, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. मोठी फ्रेम करण्यासाठी त्यांनी जुनी फ्रेम सोडवली, तेव्हा त्यांना प्लेटची कड बोटाला धारदार लागली. त्यांनी मला फोन करून विचारले, "सर, तुम्ही सांगितलेला दुमड या प्लेटला कुठेच नाही. असे का?" या प्रश्नामुळे सारा प्रकार उघडकीला आला.

मी त्याच दिवशी नळी उघडली, काळ्या प्लेटची फ्रेम सोडवली आणि चारही प्लेट घेऊन सातपूरला राहणाऱ्या एका निवृत्त मशिनमनकडे गेलो. त्यांनी वृत्तपत्राच्या छपाई यंत्रावर आयुष्य काढले आहे आणि आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो. त्यांनी प्लेट खिडकीच्या उजेडात धरल्या, पिवळ्या शाईची म्हणून दिलेली प्लेट वेगळी काढली आणि विचारले, "मथळा काळा होता ना? मग तो पिवळ्यात कसा आला?"

खऱ्या पानात काळा मथळा आणि बातमीचा मजकूर केवळ काळ्या प्लेटवर असतो. बाकी तीन प्लेटवर ती जागा कोरी असते. इथे मात्र चारही प्लेटवर तोच मथळा आणि त्याच बातम्या कमी-अधिक गडदपणे उमटल्या होत्या. आप्पांनी छपाईतील ठिपके पाहण्याचे भिंग माझ्या हातात दिले. त्यातून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा सलग दिसण्याऐवजी बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या. पान संगणकावरून थेट प्लेटवर गेले असेल तर अक्षराची कड कापल्यासारखी स्वच्छ असते आणि ठिपके छायाचित्रांपुरतेच असतात. अक्षरांतही ठिपके असतील, तर छापील अंक स्कॅन करून त्यावरून प्लेट काढली आहे, असे समजावे. पानाच्या मध्यावरून एक पुसट आडवी रेघ गेलेली होती, ती मूळ अंकाच्या घडीची होती. जाहिरातीच्या मोकळ्या जागेत मागच्या पानावरचा मजकूर उलटा होऊन अस्पष्ट उमटला होता, कारण स्कॅन करताना पातळ कागदातून तो आरपार दिसला होता. खऱ्या प्लेटवर यांपैकी काहीही येण्याचा संभव नाही.

धातूनेही तीच साक्ष दिली. किरकोळ छपाईच्या यंत्रासाठी मिळणारी मोठी प्लेट कातरीने पानाच्या मापात कापलेली होती आणि तिच्या कडेला कापल्याची खरखरीत धार राहिली होती. मागची बाजू चकचकीत होती, म्हणजेच ती सिलिंडरवर कधी चढलीच नव्हती. शाई हाताने रोलर फिरवून लावलेली होती आणि तिचा वास अजून गेलेला नव्हता. पीडीएफ दिली की काही शे रुपयांत प्लेट काढून देणारी केंद्रे प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांचा यात दोष नाही. आलेली फाईल प्लेटवर उतरवणे हे त्यांचे रोजचे काम आहे. दोष सर्वस्वी ती प्लेट त्या रात्रीची म्हणून विकणाऱ्याचा आहे. ज्या दैनिकाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र होते, तिथे विचारणा केली असता मोडीत दिलेल्या प्लेटसाठी असे कोणतेही पत्र दिले जात नसल्याचे कळले.

"एकमेव" या दाव्याबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण अजून अनेकांचा त्यावर विश्वास आहे. दैनिकाच्या प्रत्येक छपाई केंद्रावर प्लेटचा स्वतंत्र संच काढला जातो, खप मोठा असेल तर एकाच केंद्रावर दोन यंत्रांसाठी दोन संच निघतात, आणि रात्री उशिरा बातमी बदलली तर पानाच्या प्लेट पुन्हा काढल्या जातात. त्यामुळे दुर्मिळ प्लेट असू शकते, पण एकमेव असल्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. १९८३ च्या विश्वचषकाच्या "रंगीत प्लेट" असल्याचेही तो काही जणांना सांगत आहे. त्या काळी मराठी दैनिकांच्या रोजच्या अंकाची पाने कृष्णधवल निघत, आणि सीटीपी तर फार पुढची गोष्ट आहे.

शिक्षकांचे पैसे मी त्याच आठवड्यात परत केले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक, मोबाईलवरील संदेश, प्रमाणपत्र व प्लेटची छायाचित्रे जोडून पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा येतो. पैसे खात्यातून पुढे काढले गेल्याचे मला सांगण्यात आले. चौकशी सुरू आहे. रोख दिलेल्या रकमेची पावती त्याने दिली नव्हती, त्यामुळे तेवढा भाग सिद्ध करणे अवघड जात आहे. कोणाला प्लेट घ्यायचीच असेल, तर पावतीवर पानाची तारीख, आवृत्ती, रंग आणि "छपाईत वापरलेली मूळ प्लेट" हे शब्द विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावेत, आणि फ्रेम सोडवून मागची बाजू व चारही कडा पाहू देण्यास जो नकार देईल त्याच्याशी व्यवहार करू नये.

काळ्या माउंटची फ्रेम आणि सोबत बंद नळी, अशा स्वरूपात ज्यांनी गेल्या काळात माल घेतला आहे, त्यांनी ती नळी आता उघडून पिवळ्या प्लेटवर काळा मथळा आहे का, हे आधी पाहावे. असल्यास त्या प्लेट रागाने मोडीत घालू नयेत किंवा पुसूनही ठेवू नयेत. कातरलेली कड, हाताने लावलेली शाई आणि नळीवरची चिकटपट्टी हा सगळा पुरावा आहे, आणि एकाच माणसाविरुद्ध अनेक अर्ज एकत्र आले तर पोलिसांना त्याचे काम जुळवणे सोपे जाईल.