दारं शंभर वर्षांची, खोकं चार महिन्यांचं

शंभर वर्षांचं म्हणून एक बनावट कपाट विकत घेतलं, त्यात एकूण ९१,५०० रुपये गेले. कपाटाचे ८६,५००, टेम्पोचे ३,२००, आणि लिफ्टमध्ये मावलं नाही म्हणून तीन मजले जिन्याने चढवल्याचे १,८०० हमालांना. कपाटाची रक्कम अशी गेली: यूपीआयने २५,००० टोकन, दुसऱ्या दिवशी ४०,००० आणि माल निघताना २१,५०० रोख. रोख दिली ही घोडचूक. ते आधीच कबूल करतो, म्हणजे त्यावर कोणी प्रवचन देऊ नये.

विकणाऱ्याची बाकीची तऱ्हा नेहमीचीच. मोबाइलवर फोटो, "बंगला पाडायला घेतलाय, माल आठवड्यात उचलायचाय", "काका, अजून एक पार्टी बघून गेलीय". गोदाम नवी मुंबईत, पत्र्याचं, आत उदबत्तीचा धूर. तो धूर भक्तीचा नव्हता, थिनरचा वास मारायला होता, हे आता कळतंय.

वस्तू काय, तर काचेच्या दारांचं सागवानी शोकेस कपाट. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, सव्वा फूट खोल, खाली दोन खण. "१९१० च्या आसपासचं, बर्मा टीक." मला लाकडातलं कळत नाही असं समजू नका. जे तपासायचं ते तपासलं होतं. मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला, तर प्रकाश लाटेसारखा हलला आणि आत बारीक बुडबुडे दिसले. आजची सपाट फ्लोट काच १९५० च्या दशकानंतरची, तिच्यात असं दिसत नाही. दाराच्या मागून हात फिरवला, रंध्याचे उंचसखल पट्टे बोटाला लागले. खालच्या लाकडी पॅनलच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकी रेघ होती. लाकूड आडवं आकसतं, पॅनल चौकटीतून थोडं बाहेर सरकतं आणि पूर्वी झाकलेली कड उघडी पडते. ही रेघ बनवणं अवघड. बिजागऱ्यांना चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, म्हणजे पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड नव्हे. स्पिरिटचा बोळा फिरवला, लाखेचं पॉलिश बोळ्याला चिकटलं.

सगळं पास. कारण दारं खरीच जुनी होती हो! फक्त दारं.

हाच धंदा आहे. आपल्याकडे रोज एखादा वाडा नाहीतर चाळ पाडली जाते, दारं-खिडक्या भंगारवाल्याकडे जातात. त्यातली जोडी उचलायची आणि मागे नवं खोकं ठोकायचं. गिऱ्हाईक उभं राहतं दारांसमोर, त्याचे हात जातात दारांवर, सगळ्या चाचण्या होतात दारांवर. थोडंफार कळणारा माणूस यात आधी अडकतो, कारण तो चाचण्या करतो आणि त्या खऱ्या ठरल्या की त्याला स्वतःचं कौतुक वाटतं.

आता तो क्षण. दार उघडून आतल्या फळीची उंची बदलता येते का ते बघत होतो. बाजूच्या पाटीवर वरपासून खालपर्यंत भोकांची रांग होती, त्यात पितळी खुंट्या. बोट लावलं. भोकाची कड धारदार, शंभर वर्षं फळ्या सरकवून गोल झालेली नव्हे. आणि सगळी भोकं सारख्या अंतरावर, सव्वा इंचाला किंचित जास्त. घरी आल्यावर पट्टी लावली तर बरोबर ३२ मिलिमीटर, भोक ५ मिलिमीटरचं. मॉड्युलर किचनच्या कपाटात असतं तेच माप, मशीनने मारलेलं! जुन्या कपाटात फळी ठोकलेल्या पट्टीवर बसते, नाहीतर करवतीच्या दातांसारख्या खाचा असलेल्या उभ्या पट्ट्यांवर. हे मला माहीत होतं. बोट त्या भोकात असताना माहीत होतं. आणि मी मनात काय म्हटलं? "नंतर कोणीतरी पाडून घेतली असतील." विकणाऱ्याने तसं म्हटलंही नव्हतं. खुलासा माझा मीच पुरवला.

मागची बाजू बघू म्हटलं तर, "काका, एक पाय कच्चा आहे, हलवलं तर काच जाईल." जिथे मागची बाजू दाखवत नाहीत तिथून चालते व्हा.

जुलैत पितळ उघडं पडलं. पावसाळी दमटपणाने पाठ फुगली आणि खालच्या कोपऱ्यात कागदासारखा पापुद्रा सुटला. पाठ म्हणजे ६ मिलिमीटरचा प्लाय होता, वरून उभ्या खाचा मारून फळ्यांचा भास केलेला, त्यावर सागाचं व्हिनियर, म्हणजे चिकटवलेला पातळ पापुद्रा. मग सुताराला बोलावलं. त्याने बाजूच्या पाटीवरची मेणाची एक पुट्टी पटाशीच्या टोकाने उचकटली, तर खाली चौफुलीचा स्क्रू. हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला, १९१० च्या कपाटाला मूळचा असूच शकत नाही. दारांचे स्क्रू मात्र एका चिरेचे, नीट गंजवलेले. बाजू आंब्याच्या लाकडाची. त्याला काळपट रंग आणायला पोलादी काथ्या व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी फासतात, लाकूड म्हातारं दिसतं. त्यावर मेलामाइन, म्हणजे स्पिरिटने न सुटणारं आजचं पॉलिश. तोच स्पिरिटचा बोळा बाजूला फिरवला असता तर कोरडाच निघाला असता. (लाखेचं पॉलिश आजही होतं, म्हणून बोळा चिकटला एवढ्यावर विसंबू नका. आणि जुन्या कपाटालाही कोणी नंतर मेलामाइन मारलेलं असू शकतं. पण दारांवर एक आणि बाजूंवर दुसरं का, हे विचारा.)

खणात बारीक पीठ पडतंय ते वेगळंच. भुंग्याची भोकं विकणाऱ्याने ड्रिलनेही मारली होती. ती सरळ आत जातात, सगळी एका मापाची. खरी वेडीवाकडी जातात, तार घातली की अडते. गंमत बघा, नकली भोकांच्या शेजारी खरा भुंगा लागलाय. सागाच्या पक्क्या गाभ्याला तो शिवत नाही. तेव्हा "पूर्ण साग" म्हणणाऱ्याच्या खणात ताजं पीठ दिसलं, तर एकतर साग पूर्ण नाही, नाहीतर कच्चा आहे. खण बाहेर काढून उलटे करा. हातकामाचे डोव्हटेल, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले शेपटीच्या आकाराचे सांधे, कमीजास्त रुंदीचे असतात आणि खणाची खालची धार घासून झिजलेली असते. माझे खण नव्या पाटासारखे. सुताराच्या हिशेबाने खोक्याचं लाकूड-मजुरी २२,००० च्या पुढे जात नाही.

आणि तक्रार! मी राहतो त्या ठाण्यातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर, "व्यवहार गोदामात झाला, तिकडे जा." खाडीपलीकडे गेलो तर, "पैसे ठाण्यातून पाठवले ना, मग तिकडेच." पुन्हा इकडे. एका साहेबांनी कागद बघितले आणि म्हणाले, "वस्तू मिळालीय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पोटकलम ४ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी सांगायचं आणि त्यांनी पंख्याकडे बघायचं. वर प्रश्न, "शंभर वर्षांचं आहे हे तुम्ही मानलंच कसं?" म्हणजे गुन्हेगार मी. चार फेऱ्या, पाच तासांची बसकण, हातात काय, तर अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथला माणूस निदान नीट बोलला, पण चार महिने उलटलेले आणि पैसे मी स्वतः पाठवलेले. बँकेचंही तेच. बिल बघाल तर कच्च्या कागदावर "जुने फर्निचर १ नग, १८,०००". घेताना वाचलं नाही? वाचलं. "जीएसटी वाचेल काका" म्हणाला आणि मी हसलो.

बिलावर "१०० वर्षांहून जुने, पूर्ण सागवान, सर्व भाग मूळचे" एवढं लिहून मागा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून हे वाक्य लिहिताना विकणाऱ्याचं पेन अडखळेल. अडखळलं की निघा. सुतार सोबत न्या, ५०० रुपये द्या. टोकन घरी बसून टाकू नका.

ग्राहक आयोगात मात्र तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे हद्दीचा तो खेळ तिथे चालत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार ऑनलाइन टाकली आहे. फोटोंमध्ये भोकांच्या रांगेला पट्टी लावून काढलेला फोटो पहिला जोडलाय.

परवा त्याच गोदामाचं नवं कपाट मोबाइलवर फिरत आलं, "कोकणातल्या वाड्यातलं, १९०५". रंगीत काचांची सुरेख दारं. एका फोटोत दार अर्धं उघडं होतं, तो मोठा करून पाहिला. आतल्या पाटीवर वरपासून खालपर्यंत तीच रांग.