मोंढ्यातल्या पोटॅशवर चालणारा जीएम काउंटर

परभणीत आमच्या एम.एस्सी.च्या लॅबसाठी जीएम (गायगर-म्युलर) काउंटरचा, म्हणजे किरणोत्सारातले कण मोजणाऱ्या यंत्राचा सेट घेतला. घ्यावा का, एवढंच विचाराल तर बिनधास्त घ्या. सोबतचं माहितीपुस्तक तेवढं कपाटात टाका; चुकांनी भरलंय.

ट्यूबच्या तोंडाशी अभ्रकाचा पातळ पापुद्रा असतो, बोट लागलं की ट्यूब कामातून गेली. काम झाल्यावर ट्यूबला टोपी घातल्याशिवाय मी कुणाच्या जर्नलवर सही करत नाही. पठार, म्हणजे व्होल्टेज वाढवलं तरी काउंट जवळपास तोच राहतो तो पट्टा, छान सपाट येतं. फक्त बाजूच्या बोअरची मोटर सुरू झाली की व्होल्टेज हलतं, स्टॅबिलायझर लागतोच.

सोर्सचे, म्हणजे मोजायच्या किरणोत्सारी नमुन्याचे पैसे वेगळे. कोबाल्ट-60 घेतला तर सव्वापाच वर्षांत निम्मा. आम्ही मोंढ्यातून, म्हणजे बाजारपेठेतून, म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमचं खत आणलं. नैसर्गिक पोटॅशियमात 0.0117 टक्के किरणोत्सारी पोटॅशियम-40 असतं, अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. म्हणजे पुढच्या पिढ्यांची सोय झाली. बशीत पसरून ट्यूबखाली सरकवलं की काउंट चढलेला दिसतो. आपला काळा पाषाण किरणोत्साराच्या बाबतीत तसा दरिद्रीच, त्यामुळं बॅकग्राउंडही, म्हणजे आजूबाजूचा नैसर्गिक किरणोत्सारही, फार आड येत नाही. एक पोरगी म्हणाली, "सर, आमच्या घरात तर याची पोतीच्या पोती हायत की!" म्हटलं, घाबरू नको, तुझ्या हाडामांसातही आहे ते.

डेड टाइम शिकवायला तर यासारखं यंत्र नाही. एक कण टिपला की ट्यूब शंभरेक मायक्रोसेकंद बहिरी; हाच डेड टाइम. रोमानियात मागुरेलेला 10 पेटावॅटचे दोन लेसर आहेत, त्यांचा स्पंद जेमतेम पंचवीसेक फेमटोसेकंदांचा (फेमटोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग). असा झोत पातळ पत्र्यावर आदळला की कणांचा लोंढा एकदमच सुटतो. आमचा काउंटर तिथं ठेवला तर कोट्यवधी कणांचा हिशेब तो सांगेल: एक! म्हणून अशा प्रयोगांत सीआर-39 च्या पट्ट्या लावतात, चष्म्याच्या काचांचंच प्लास्टिक. प्रोटॉन घुसले तिथं गरम कॉस्टिक सोड्यात खड्डे उमटतात, ते मग मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. हे सांगितल्यावर पोरं डेड टाइमची रीडिंग मन लावून घेतात.

सर्व्हिस मात्र रडकी. हाय व्होल्टेजचा नॉब ढिला झाला, कंपनीचा माणूस "येतो, येतो" म्हणत राहिला. शेवटी स्टेशन रोडवरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं पोटेन्शिओमीटर बदलून दिला. पाचपैकी साडेतीन, एक पुस्तकाचा कापला, अर्धा त्या "येतो"चा.