डोमेन सर्च केलं की नाव पळवतात का? १४ महिन्यांच्या वापरानंतर

एका स्वस्त रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन (वेबसाइटचं नाव) नोंदवून देणाऱ्या विक्रेत्याकडे, १४ महिने चार नावं ठेवून झाली: दोन डॉट कॉम, एक डॉट इन, एक डॉट भारत. सगळी गोव्यातल्या छोट्या धंद्यांची. विक्रेत्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण पुढचं बरंचसं थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडतं.

आधी सगळ्यांच्या मनातली शंका. रात्री नाव शोधलं तेव्हा मोकळं होतं, सकाळी गेलं. म्हणजे विक्रेत्यानेच उचललं का? शंका हवेतली नाही. जानेवारी २००८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स ही अमेरिकी कंपनी आपल्या साइटवर शोधलेली नावं स्वतःच चार दिवस अडवून ठेवते, हे उघड झालं होतं. कंपनीने ते नाकारलंही नाही, ग्राहकांच्या भल्यासाठीच करतो म्हणाली! हे परवडायचं, कारण नवं नाव पाच दिवसांत सोडलं तर रजिस्ट्रारला पैसे परत मिळायचे. २००९ मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, या परताव्याला वेसण घातली. महिन्याच्या नव्या नोंदणीच्या १० टक्के किंवा ५० नावं, यांतलं जे जास्त असेल, त्याच्या पलीकडे परतावा नाही. फुकटात नावं अडवण्याचा धंदा तिथे बसला. आज तुमचं नाव उचलणाऱ्याला बहुधा वर्षाचे पैसे खरोखर मोजावे लागतात, आणि कांदोळीतल्या चार खोल्यांच्या होमस्टेच्या नावावर ते कोण लावणार?

तरी पारखायचं असेल तर वीसेक नावं बनवायची. निम्मी अर्थहीन अक्षरांची, निम्मी गावाचं नाव आणि धंदा जोडून. फक्त अर्थहीन नावांवर चाचणी करून निकाल देऊ नका, ती कुणालाच नको असतात. नावं त्या साइटवर शोधायची, विकत घ्यायची नाहीत आणि ७, ३०, ९० दिवसांनी आयकॅनच्या लुकअप पानावर तपासायची. (जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइज या नोंदणी तपासण्याच्या जुन्या पद्धतीची सक्ती संपली, आता आरडॅप ही नवी पद्धत चालते.) तितकीच नावं कुठेही न शोधता कागदावर ठेवायची, म्हणजे तुलना होते. एखादं गेलेलं दिसलं तर नोंदणीची तारीख पाहायची. ती तुमच्या शोधाच्या आधीची निघाली तर साइटने शिळी माहिती दाखवली होती, एवढंच. या विक्रेत्याकडे शोधलेलं एकही नाव हललं नाही.

मग पैसे कुठे जातात? पहिल्या वर्षाच्या किमतीत तर नाहीच. डॉट कॉमचा घाऊक दर (रजिस्ट्रारला स्वतःला पडणारा) सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, त्यावर आयकॅनचे २० सेंट. डॉलर ८८ रुपये धरला तर साधारण ९२० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १,०८६. दोन-तीनशे रुपयांत डॉट कॉम मिळतंय म्हणजे विक्रेता पदरचं घालतोय आणि दुसऱ्या वर्षी वसूल करणार आहे. म्हणून घेताना फक्त नूतनीकरणाचा दर बघा. जीएसटीसकट १,३०० पर्यंत ठीक, १,८०० च्या वर गेला तर दुसरं दुकान. नव्या शेपट्यांच्या (डॉटनंतर कॉम, इन सोडून दुसरंच काही असलेल्या) नावांत आणखी एक मेख आहे: ‘प्रीमियम’ लिहिलेलं नाव कित्येकदा दरवर्षी प्रीमियमच राहतं. तेच नाव तीन विक्रेत्यांकडे बघा. तिन्हीकडे चढा भाव असेल तर तो वरून, म्हणजे ती शेपटी चालवणाऱ्या संस्थेकडून, आलेला आहे. एकाच ठिकाणी चढा असेल तर त्याला विचारा, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात करतो तसं पुढच्या दुकानात जा.

कार्टमध्ये या विक्रेत्याने दोन गोष्टी आपणहून टाकल्या होत्या, खासगीपणाचं कवच (नोंदणीतला आपला नाव-पत्ता झाकणारी सेवा) आणि ईमेल. डॉट इनवर अशी प्रॉक्सी सेवा नियमानेच चालत नाही, आणि डॉट कॉमवर २०१८ नंतर बहुतेक रजिस्ट्रार वैयक्तिक तपशील तसेही झाकतात. न मागता कार्टमध्ये वस्तू घुसडणं आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं, दोन्ही केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांतल्या १३ प्रकारांत मोडतात. ‘फक्त १० मिनिटं बाकी’ हे खोटं उलटं घड्याळही त्यातलंच.

गोव्यात आणखी एक सापळा स्पेलिंगचा. पणजी-पंजिम, मडगाव-मारगाव, फोंडा-पोंडा. रोमनमध्ये जोड्याच जोड्या, आणि साइट सगळ्या कार्टमध्ये ढकलते. दोनच घ्या: पर्यटक टाइप करतो ते जुनं पोर्तुगीज वळणाचं, आणि तुमच्या पाटीवर आहे ते. डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत आहे, मराठी-कोकणी दोन्हींना चालतं. पाटीवर शोभतं, पण त्यावरचा ईमेल पत्ता अजून कितीतरी फॉर्म स्वीकारत नाहीत. मुख्य नाव म्हणून नको.

आता खरी दुखरी जागा, मुदत. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार नाव ४५ दिवसांपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो. नंतर ते काढून टाकलं तर ३० दिवस सोडवण्याची मुभा असते, पण जबर दंड भरून. शेवटी ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, मग नाव बाजारात, जिथे ते झेलायला यंत्रं टपलेली असतात. ‘काल मोकळं होतं, आज गेलं’ याचं कारण हेही असू शकतं. शिवाय त्या ४५ दिवसांतच नाव लिलावात टाकण्याचं कलम कित्येक करारांत असतं. म्हणजे तुमचं नाव सुटलं तर विक्रेत्याचा फायदा. शंका घ्यायचीच तर इथे घ्या.

नियमाप्रमाणे मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर, तसंच संपल्यावर पाच दिवसांत सूचना पाठवावी लागते. या विक्रेत्याने तिन्ही पाठवल्या. पण खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर नाव बंद पडताच ईमेलही बंद, आणि सूचना कुठेच पोचत नाही. खात्याला वेगळा ईमेल द्या. आपोआप नूतनीकरणावरही विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डातून आवर्ती पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना लागते, आणि परदेशात बिल करणाऱ्या रजिस्ट्रारांच्या कापण्या यामुळे कित्येकदा फसतात. नूतनीकरणाने पूर्ण वर्षंच वाढतात, तारीख सरकत नाही. डिसेंबरात घेतलेलं नाव डिसेंबरातच संपणार, ऐन मोसमात. उपाय एकच: जून-जुलैच्या पावसात बसून पुढच्या दोन वर्षांचे पैसे भरून टाका.

साइट बनवून देणारा मुलगा नाव स्वतःच्या खात्यात घेतो, हे तर घरोघरी. नाव तसंही आपल्या मालकीचं होत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. पण इथे तर भाटकारही (जमीनमालक) परका आणि कागदही परका. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला निदान १९७५ चा कायदा आहे. नोंदणीदार म्हणून तुमचं नाव आणि तुमचा ईमेल आहे का, ते खात्यात शिरून बघा. पडताळणीच्या ईमेलला १५ दिवसांत उत्तर दिलं नाही तर साइट बंद होऊ शकते.

तक्रारीची सोय अशी: आधी विक्रेता, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुढे २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, विक्रेता बंगळुरूचा असला तरी. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी घेतलेलं नावही यात बसतं. कार्टचा, दराचा आणि पैसे भरल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र त्याच दिवशी घेऊन ठेवा.

विक्रेता बदलायचा तर नोंदणीनंतर ६० दिवस कळ काढा, मग खात्यातलं नावाचं कुलूप उघडून नाव हलवण्याचा कोड मागा. तो पाच दिवसांत द्यावाच लागतो. आम्ही मागितलेला कोड चौथ्या दिवशी आला, तोही सपोर्टला दोनदा लिहिल्यावर. डॉट कॉमची दोन्ही नावं हलवली. दोन्हींना एकेक वर्ष वाढून मिळालं, आणि नव्या ठिकाणी कार्ट रिकामी होती. डॉट इन आणि डॉट भारत अजून तिथेच आहेत.