स्लोव्हेनियाच्या भावाने गेलेली आमची दादर

२०२३ च्या मार्च महिन्यात अमळनेर तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाची १८० क्विंटल दादर, म्हणजे खान्देशातील रब्बी ज्वारी, स्वतःला निर्यातदार म्हणवणाऱ्या एका माणसाने उचलून नेली आणि ठरलेल्या रकमेपैकी पाचवा हिस्साच आमच्या हाती आला. गटाचा हिशेब मी ठेवतो, आणि त्या माणसाने आणलेला भावाचा कागद सर्वांना वाचून दाखवणाराही मीच होतो, म्हणून हे लिहिणे माझ्याकडे येते. तो खोटे बोलला हे खरेच आहे. परंतु त्याच्या खोट्याला ज्या आकड्याने बळ दिले, तो आकडा कसा वाचावा हे आम्हाला कळत असते तर माल खळ्यावरून हलला नसता.

ते वर्ष कसे होते हे आधी सांगितले पाहिजे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवले होते, १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पी भाषणात ‘श्री अन्न’ हा शब्द आला होता, आणि ज्वारी-बाजरीला परदेशांत मोठी मागणी असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. त्याच मार्चमध्ये खान्देशात अवकाळी पाऊस झाला. तापीकाठच्या काळ्या जमिनीत केवळ ओलीवर पिकणारी दादर कापणीच्या वेळी भिजली की दाणा काळा पडतो आणि भाव उतरतो, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमचा बराचसा माल वाचला होता, पण पुन्हा पाऊस येण्याच्या आत तो विकून मोकळे व्हावे, अशी सर्वांची घाई होती.

अशा वेळी तो आला. त्याच्याकडे आयात-निर्यात क्रमांकाची प्रत होती आणि युरोपातील स्लोव्हेनिया या देशातील मिलेटच्या आयात आणि निर्यात भावांचा एक छापील तक्ता होता. तक्त्यातील भाव रुपयांत मांडला तर तो आमच्या बाजारभावाच्या तिपटीहून जास्त निघत होता, आणि मागील वर्षापेक्षा तो किती चढला हेही बाणाने दाखवलेले होते. आम्हाला तो क्विंटलला ४,८०० रुपये देणार होता. २०२२-२३ चा मालदांडी ज्वारीचा हमीभाव २,९९० रुपये होता आणि बाजार समितीतील त्या आठवड्याच्या भावापेक्षाही त्याचा भाव हजार रुपयांनी अधिक होता. तरीही तिकडच्या भावाशी तुलना करता त्यालाच भरपूर सुटणार, असे त्या तक्त्यावरून वाटत होते, आणि म्हणूनच त्याच्या बोलण्यावर आमचा विश्वास बसला.

बैठकीत गटातील एका काकूंनी विचारले होते, “तठे लोक भाकर खातस का?” आम्ही हसण्यावारी नेले. विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच होता.

स्लोव्हेनियात भाकरी खात नाहीत. तिथे मिलेटची लापशी खातात, तिला ‘प्रोसेना काशा’ म्हणतात, आणि ती प्रोसो मिलेटची असते, ज्याला हिंदीत चेना म्हणतात. आपण ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी अशा सगळ्यांना भरडधान्य किंवा मिलेट म्हणतो. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरण तसे करत नाही. त्यात ज्वारीचा शीर्षक क्रमांक १००७ आहे, तर मिलेट हे बकव्हीट (कुट्टू) आणि कॅनरी सीड (पक्ष्यांना घालायचे एक बी) यांच्यासह १००८ या क्रमांकाखाली येते. तक्त्याच्या कोपऱ्यात १००८ हा आकडा स्पष्ट छापलेला होता. मी तो वाचला, पण त्याचा अर्थ कोणाला विचारला नाही. म्हणजे तो भाव जगात कुठलाही असो, दादरचा नव्हताच.

दुसरी गोष्ट मला पुढे कित्येक महिन्यांनी, मुंबईत सीमाशुल्क दलालाकडे काम करणाऱ्या एका नातेवाइकाने समजावली. अशा तक्त्यातला भाव सरासरी असतो आणि तो कोणी मालाला दिलेला भाव नसतो; वर्षभराच्या मालाची एकूण किंमत भागिले एकूण वजन एवढाच तो असतो. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २१ लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर असलेल्या आपल्या जळगाव जिल्ह्याच्या निम्मी. एवढ्या लहान बाजारात एखाद्या कंटेनरनेही सरासरी हलू शकते. समजा, एका वर्षी पक्ष्यांच्या खाद्यासाठी २० टन मिलेट किलोला ०.४० युरोने आले आणि सोललेले, सेंद्रिय, पाकीटबंद मिलेट २ टन आले, किलोला ४ युरोने. दोन्हींची किंमत प्रत्येकी ८,००० युरो, एकूण १६,००० युरो, वजन २२ टन. सरासरी किलोला सुमारे ०.७३ युरो पडली. पुढच्या वर्षी पक्ष्यांच्या खाद्याचा कंटेनर आलाच नाही, तर सरासरी थेट ४ युरो होते. तक्त्यावर भाव साडेपाच पट झालेला दिसतो आणि प्रत्यक्षात एका पैशाचाही फरक कशात पडलेला नसतो. शिवाय आयातीची किंमत सहसा सीआयएफ, म्हणजे जहाजभाडे आणि विमा धरून मांडतात, तर निर्यातीची एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची. त्यामुळे असे दोन आकडे शेजारी ठेवून त्यांतील फरकाला नफा म्हणता येत नाही. लहान देश बाहेरून आलेले धान्य स्वच्छ करून, पाकिटांत भरून पुन्हा बाहेर विकतो तेव्हाही निर्यातीचा सरासरी भाव वर जातो. तो पाकिटांचा भाव असतो, पोत्यांचा नव्हे.

व्यवहार असा झाला. एकूण रक्कम ८,६४,००० रुपये, त्यातील १,७२,८०० रुपये त्याने आगाऊ दिले आणि उरलेल्या ६,९१,२०० रुपयांचे पुढील तारखांचे दोन धनादेश दिले. नोंदणी आणि प्रयोगशाळा तपासणीच्या नावाखाली आमच्याकडून ३६,००० रुपये रोख घेतले. १८ टन म्हणजे बरोबर एक कंटेनर, असे सांगून दोन मालमोटारी भरल्या. नऊ दिवसांनी त्याने मोबाइलवर बिल ऑफ लेडिंगचे, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीचे, छायाचित्र पाठवले आणि माल न्हावा शेवा बंदरातून निघाल्याचे कळवले. नातेवाइकाने ते पाहताक्षणीच चूक दाखवली: कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरे आणि सात अंक असतात, यात सहाच अंक होते. मालमोटारीच्या चालकाला शोधून विचारले तेव्हा त्याने माल सुरतेच्या वाटेवरील एका गुदामात उतरवल्याचे सांगितले.

आयात-निर्यात क्रमांकाचे आम्हाला फार अप्रूप वाटले होते. तो क्रमांक ५०० रुपये भरून कोणालाही मिळतो आणि पॅनवरच आधारलेला असतो. त्यावरून माणसाची ऐपत किंवा सचोटी कळत नाही. मला सर्वांत जास्त खटकायला हवी होती ती गोष्ट निराळीच होती. युरोपीय संघात धान्यावरील कीटकनाशकांच्या अंशांचे नियम इतके कडक आहेत की ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. तिकडे खरोखर माल पाठवणारा माणूस भावाच्याही आधी तुम्ही काय फवारले हे विचारतो. त्याने ते एकदाही विचारले नाही. तपासणीचे पैसे घेतले आणि नमुनाही नेला नाही.

पहिला धनादेश मे महिन्यात पुरेशी शिल्लक नसल्याने परत आला. जहाजाला उशीर झाला आहे, थोडे थांबा, असे तो म्हणाला आणि आम्ही थांबलो. धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत आम्ही घालवली. वकिलांनी तोच धनादेश तीन महिन्यांच्या वैधतेच्या आत पुन्हा बँकेत भरायला लावला, तो पुन्हा परत आला, आणि तेव्हा कुठे नोटीस मुदतीत गेली. बाजार समितीत गेलो तर तिथे पहिला प्रश्न सौदापट्टीचा, म्हणजे समितीतील विक्रीच्या पावतीचा, होता. खेड्यावर येऊन झालेली खरेदी, परवाना कोणाचाच नाही, पट्टी नाही. आमच्याकडे फक्त गावच्या काट्याची पावती होती. फसवणुकीची फिर्याद पोलिसांत दिली आहे, धनादेशांचा खटला न्यायालयात चालू आहे.

आगाऊ मिळालेली रक्कम अकरा जणांत पोत्यांच्या हिशेबाने वाटली. तपासणीचे ३६,००० रुपये गटाच्या बचतीतून गेले होते. ते माझ्या भरवशावर दिले गेले म्हणून मी ते दोन हप्त्यांत भरले. त्या काकूंची २२ क्विंटल दादर त्यात होती. यंदा त्यांनी आपला माल अमळनेरच्या बाजार समितीत नेला, पट्टी घेतली, आणि ती मला वाचायला दिली.