१४४१६, सरकारी ओपीडी आणि कमी फीचं काउन्सिलिंग: ठाण्यातला आमचा अनुभव

ठाण्यात परवडेल असं काउन्सिलिंग मिळतं का, हे ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मिळतं. पण फी कमी असून भागत नाही, ते आपल्या कामाच्या वेळेत बसलं पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच येते.

माझा धाकटा भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. गेल्या वर्षी त्याला अचानक धडधड व्हायची, तळहाताला घाम यायचा, श्वास अडकल्यासारखा व्हायचा, ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड पण करून घेतलं, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक येतायत, काउन्सेलरला भेटा. घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये फोन केला तर एका सेशनचे १५०० आणि दर आठवड्याला या, म्हणजे महिन्याला ६०००, त्यात त्याच्या बाइकचा हप्ता आणि खोलीचं भाडं, जमणारच नव्हतं.

मग १४४१६ लावला. ही टेली मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. भाऊ रात्री काम संपवून साडेअकराला गच्चीत पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बोलला, मी बाजूलाच उभी होते. पलीकडच्या ताईंनी कुठलंही लेक्चर दिलं नाही. झोप किती लागते, जेवण जातंय का, दारू वगैरे आहे का, असं एकेक शांतपणे विचारत गेल्या, आणि मग सरळ विचारलं की जीव द्यावासा वाटतो का. मी दचकले, पण भावाने लगेच उत्तर दिलं, नाही, तसं नाही वाटत, पण सगळं सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. घरात आम्हाला हे कधीच बोलला नव्हता तो. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते विचार येतात अशी आपल्याकडे भीती असते, तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

त्यांनी त्याला एक वही करायला सांगितली. धडधड कधी झाली, त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं. थोड्या दिवसांत वहीत दिसायला लागलं की महिन्याच्या सुरुवातीला हप्त्याचा मेसेज येतो त्या संध्याकाळी आणि अ‍ॅपवर रेटिंग खाली गेलं की हमखास त्रास होतो. पहिलं पाऊल म्हणून या सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त एक लक्षात ठेवा, ही हेल्पलाइन आहे, परत फोन केला की तीच व्यक्ती भेटेल असं धरून चालू नका, दर आठवड्याचं काउन्सिलिंग लागणार असेल तर ते वेगळं शोधावं लागतं.

त्यांनीच सरकारी दवाखान्यात एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या म्हणून सांगितलं. ठाण्यात म्हटलं की प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. आणि इथे भाऊ अडला. लहानपणापासून "याला ठाण्याला पाठवा" हेच ऐकत आलोय आपण सगळे, ठाण्यात राहूनसुद्धा. म्हणाला, मी वेडा नाहीये, कोणी बघितलं तर लग्न जमणार नाही. त्याला राग आला तो मला कळतो. पण ओपीडीत दाखवणं वेगळं आणि अ‍ॅडमिट होणं वेगळं. तिथे बाहेर बसलेल्यांमध्ये ऑफिसची बॅग घेतलेली माणसं होती, कॉलेजच्या मुली होत्या, सासूला घेऊन आलेली सून होती. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, कमी डोसची गोळी दिली, ती किती दिवस घ्यायची आणि मनाने बंद का करायची नाही हे समजावलं, आणि सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. खर्च खिशाला जाणवला नाही.

आता वेळेचं. सरकारी ओपीडी बहुतेक सकाळच्याच असतात. पगारी माणूस हाफ डे टाकेल, पण भावासारख्याची सकाळ गेली की तेवढ्या ऑर्डरचे पैसे गेले. म्हणजे फी जवळपास शून्य आणि तरी दर वेळी तीन-चारशेचा फटका. असे लोक दोन वेळा येतात आणि सोडून देतात, आणि मग त्यांना इच्छाच नाही असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. संध्याकाळी सात ते नऊ एक खिडकी चालू ठेवली तर वागळे इस्टेटमधले कितीतरी कामगार येतील.

म्हणून औषधं सरकारी ओपीडीतून आणि काउन्सिलिंग संध्याकाळी एका ट्रस्टच्या केंद्रात असं आम्ही जमवलं. ठाण्यात ही कामं नवीन नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० मध्ये इथेच सुरू केली, त्यामुळे या क्षेत्रात शिकलेली माणसं शहरात आहेत. पण सगळीकडे सारखं नसतं. आधी एका संस्थेत गेलो तिथे दर वेळी नवा चेहरा, भावाला तीच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागायची, तो वैतागला. आताच्या ठिकाणी एकच ताई आहेत, फी उत्पन्न बघून घेतात, कधी यायला जमलं नाही तर फोनवर सेशन करतात. स्वस्त म्हणजे कामचलाऊ असं काही नाही, या ताई महागड्या क्लिनिकइतक्याच शिकलेल्या आहेत.

जायच्या आधी फोनवरच विचारून घ्या की फी कमी होते का आणि त्यासाठी काय दाखवावं लागतं, दर वेळी तोच काउन्सेलर असेल का, त्यांचं शिक्षण काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असते, विचारायला लाजू नका. काउन्सेलर गोळ्या लिहून देऊ शकत नाहीत, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम, कोणी काउन्सेलर गोळ्या सुचवायला लागला तर तिथून उठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरावा लागतो, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, काउन्सिलिंगचे पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका. आणि केसपेपर, चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, ट्रस्टच्या ताईंनी पहिल्याच दिवशी तीच फाइल मागितली आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवलं.